नवजात बाळाची लघवी, बेनेडिक्टचे द्रावण आणि पट्टीला न दिसलेली साखर

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. यातील बाळ म्हणजे कोणी एक विशिष्ट बाळ नाही. मात्र आजाराची चाल, तपासण्यांचे निकाल आणि निदानाच्या वाटेवरचे अडथळे हे अभिजात गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातून मिळणारी गॅलॅक्टोज ही शर्करा वापरण्यासाठी लागणारे एन्झाइम अंगात नसणे, या जन्मजात विकारात जसे आढळतात तसेच ठेवले आहेत. स्थळ म्हणून महाराष्ट्रातील एखादे उपजिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवले आहे. जेथे एन्झाइमची तपासणी होत नाही, पण परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) हाताशी असतात, तेथेच बेनेडिक्टच्या द्रावणाच्या साध्या तपासणीचे महत्त्व सर्वांत अधिक आहे.

सात दिवसांची एक मुलगी संध्याकाळी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दाखल झाली. बाळ पूर्ण दिवसांचे होते, प्रसूती नैसर्गिक झाली होती, जन्मवजन २.९ किलो होते आणि पहिल्या तासातच आईने चीक पाजला होता. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी गेल्या. चौथ्या दिवसापासून बाळ दूध पाजल्यावर ओकू लागले, पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले आणि सहाव्या दिवशी ते दूध ओढण्याचाही कंटाळा करू लागले. आशाताईंनी घरभेटीत वजन घटल्याचे पाहिले आणि कुटुंबाला लगेच रुग्णालयात जायला सांगितले. आजीने सांगितलेली हकिकत थोडक्यात पण नेमकी होती: “मॅडम, दूध तोंडात घेते, पण पोटात ठरत नाही, आणि दिवसभर नुसती निपचित पडून असते.”

दाखल करताना वजन २.५ किलो भरले. कावीळ पोटापर्यंत उतरली होती, यकृत बरगडीखाली चार सेंटिमीटर हाताला लागत होते आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त बराच वेळ झिरपत होते. एकूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, १७ मिलिग्रॅम होते, त्यातील थेट, म्हणजे यकृतात प्रक्रिया झालेले, बिलिरुबिन ४ मिलिग्रॅम; शिरेतून घेतलेल्या रक्तात ग्लुकोज ३८ मिलिग्रॅम निघाले. बाळाला जंतुसंसर्ग झाला असावा, हा पहिला अंदाज साहजिक होता आणि चुकीचाही नव्हता. रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जंतू वाढवून पाहण्यासाठी, पाठवले गेले, प्रतिजैविके सुरू झाली, तोंडाने दूध देणे तात्पुरते थांबवून दहा टक्के डेक्स्ट्रोजचे सलाइन लावण्यात आले.

निदान याच ठिकाणी अडकून पडण्याचा धोका असतो. गॅलॅक्टोसेमियाच्या बाळांना ई-कोलाय या जंतूचा रक्तसंसर्ग विशेष प्रमाणात होतो, त्यामुळे कल्चरमध्ये जंतू सापडला की सर्व लक्षणांचा उलगडा झाला असे वाटू लागते आणि मूळ विकार मागे राहतो. बालरोगतज्ज्ञांना मात्र एक गोष्ट खटकत होती. आठवड्याच्या आतील बाळाची नेहमीची कावीळ अप्रत्यक्ष बिलिरुबिनची असते. येथे थेट बिलिरुबिन वाढलेले, जीवनसत्त्व के टोचूनही रक्त गोठण्यास विलंब, साखर कमी आणि ओकाऱ्या दूध सुरू झाल्यानंतरच्या. यकृताला इजा झालेली आहे आणि ती दुधाशी निगडित असू शकते, या विचाराने त्यांनी प्रयोगशाळेला लघवीतील क्षपणकारी पदार्थांची, म्हणजे समोरच्या रसायनाला इलेक्ट्रॉन देणाऱ्या शर्करांसारख्या पदार्थांची, तपासणी करण्यास सांगितले.

ही सूचना वेळेवर गेली, याला फार महत्त्व आहे. नवजात मुलीची लघवी पिशवी चिकटवून गोळा करावी लागते आणि सिस्टरांनी ती पिशवी बाळ दाखल होताच लावली होती, म्हणजे शेवटचे दूध पाजून फार वेळ झालेला नसताना. दूध बंद करून सलाइनवर ठेवलेल्या बाळाच्या लघवीतून गॅलॅक्टोज एक-दोन दिवसांतच दिसेनासे होऊ शकते. तिसऱ्या दिवशी सावकाशीने घेतलेला नमुना निर्दोष निघाला असता आणि त्या निर्दोष अहवालाने सगळ्यांची दिशाभूल केली असती. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर शेवटचे दूध कधी आणि कोणते दिले याची नोंद असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ही नोंद नसलेला नकारात्मक अहवाल या आजारात विश्वासार्ह मानता येत नाही.

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी प्रथम नेहमीची पट्टी लघवीत बुडवली. ग्लुकोजचा चौकोन जसाच्या तसा राहिला; प्रथिनांचा चौकोन मात्र हिरवट झाला. त्यानंतर त्यांनी बेनेडिक्टचे द्रावण काढले. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत अनेकांनी हाताळलेले हे निळे द्रावण अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केले. त्याआधी जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फॉन फेलिंग यांचे द्रावण वापरात होते, परंतु त्याचे दोन भाग वेगवेगळे ठेवून आयत्या वेळी मिसळावे लागत आणि त्यातील दाहक अल्कली तीव्र असल्यामुळे थोडी साखर त्यातच नष्ट होई, तर लघवीतील युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन यांसारखे घटक निकालात ढवळाढवळ करीत. बेनेडिक्ट यांनी दाहक सोड्याच्या जागी सौम्य सोडियम कार्बोनेट घेतले आणि तांबे द्रावणात धरून ठेवण्यासाठी सायट्रेट वापरले. त्यामुळे एकाच बाटलीत दीर्घकाळ टिकणारे द्रावण मिळाले.

ते रुग्णालयातच तयार करता येते. शंभर मिलिलिटरसाठी १७.३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट सुमारे ८० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात गरम करून विरघळवावे व थंड होऊ द्यावे, १.७३ ग्रॅम शुद्ध मोरचूद वेगळ्या १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते द्रावण पहिल्यात हळूहळू, सतत ढवळत ओतावे आणि शेवटी पाणी घालून शंभर मिलिलिटर पुरे करावे. क्रम उलटा केला किंवा घाई केली तर तांब्याचा साका खाली बसतो. वजने शुद्ध रसायनांचीच हवीत. शेतीसाठी मिळणारा मोरचूद येथे चालत नाही.

तपासणीच्या दिवशी तंत्रज्ञांनी पाच मिलिलिटर द्रावण परीक्षानळीत घेऊन ते आधी एकटेच उकळले. या पायरीला अनेक ठिकाणी फाटा दिला जातो, तसे होऊ नये. नुसते द्रावण उकळल्यावर रंग बदलला तर ते द्रावण किंवा ती नळी सदोष आहे आणि पुढचा निकाल निरर्थक ठरतो. रंग निळाच राहिल्यावर त्यांनी लघवीचे आठ थेंब, म्हणजे अंदाजे अर्धा मिलिलिटर, त्यात सोडले, नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरली आणि मग ती आपोआप थंड होऊ दिली. बाळाची लघवी कमी मिळाली तर अडीच मिलिलिटर द्रावणाला चार थेंब घेता येतात. दहास एक हे प्रमाण मात्र मोडू नये, कारण लघवी जास्त पडली तर किरकोळ क्षपणकारी घटकही रंग बदलू लागतात.

दोन मिनिटांत निळा रंग हिरवट झाला, मग पिवळसर, आणि नळी थंड होईपर्यंत तिच्यात दाट नारिंगी साका तयार झाला होता. निळा रंग तसाच राहिला तर क्षपणकारी शर्करा नाही. हिरवा म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत, पिवळा म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, नारिंगी त्याहून अधिक आणि विटकरी तांबडा दोन टक्के किंवा त्याहून जास्त, असा त्याचा ढोबळ अर्थ लावतात. हे टक्के ग्लुकोज गृहीत धरून ठरवलेले आहेत, म्हणून दुसऱ्या शर्करेसाठी ते केवळ अंदाज देतात. उकळल्यावर कधीकधी फॉस्फेटमुळे फिकट निळसर-पांढरा गढूळपणा येतो, तोही साखरेचा समजू नये. या बाळाच्या लघवीत प्रथिने होती आणि ती जास्त असल्यास साका नीट बसत नाही, म्हणून तंत्रज्ञांनी लघवीत ॲसेटिक आम्लाचा थेंब टाकून उकळून, गाळून घेतलेल्या भागावर तपासणी पुन्हा केली. निकाल तोच आला.

नळीत घडते ते असे. ज्या शर्करेच्या रेणूत मुक्त अल्डिहाइड गट असतो, किंवा अल्कलीत जिचे रूप तसे पालटू शकते, ती गरम अल्कलीयुक्त द्रावणात दुहेरी भाराच्या तांब्याला इलेक्ट्रॉन देऊन एकेरी भाराचे बनवते. हे तांबे सायट्रेटच्या पकडीत राहत नाही आणि क्युप्रस ऑक्साइडच्या पिवळ्या-तांबड्या कणांच्या रूपाने खाली बसते. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज, पेंटोज या सर्वांना हे जमते. आपल्या चहातील साधी साखर, म्हणजे सुक्रोज, मात्र हे करत नाही. उलट, पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेझ हे एन्झाइम असते आणि ते फक्त ग्लुकोजला ओळखते. एका कुलपाला एकच किल्ली लागावी तसे हे आहे, आणि मधुमेहाच्या तपासणीत हाच पट्टीचा मोठा गुण आहे. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र त्याच गुणामुळे दुसऱ्या शर्करा नजरेआड राहतात.

पट्टी कोरी आणि द्रावण नारिंगी, असे दोन निकाल एकमेकांशेजारी आले, तेव्हा निदानाला खरी दिशा मिळाली. तंत्रज्ञांनी अहवालावर ‘साखर तीन प्लस’ असे न लिहिता ‘क्षपणकारी पदार्थ: तीन प्लस; पट्टीवर ग्लुकोज: नाही’ असे दोन्ही निकाल वेगवेगळे लिहिले, ही त्यांच्या कामाची अत्यंत मोलाची बाजू होती. नुसते ‘साखर तीन प्लस’ लिहिले असते तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना नवजात मधुमेहाची शंका येणे अशक्य नव्हते. अर्थात रक्तातील ग्लुकोज ३८ असताना लघवीत मधुमेहाची साखर उतरणे शक्यच नाही. मूत्रपिंड रक्तातील ग्लुकोज सुमारे १८० मिलिग्रॅम होईपर्यंत ते परत शोषून घेते, हा मोठ्यांचा हिशेब आहे आणि नवजात बाळात ही मर्यादा काहीशी खाली असली तरी ३८ पर्यंत येत नाही. सलाइनमधील डेक्स्ट्रोज जास्त झाल्याने ते लघवीत उतरले, असेही म्हणता येत नव्हते, कारण डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. ते असते तर पट्टीने दाखवले असते.

ग्लुकोमीटरविषयी येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. काही जुन्या बनावटीच्या पट्ट्यांतील एन्झाइम गॅलॅक्टोजलाही ग्लुकोज समजते, त्यामुळे टाचेतून घेतलेल्या थेंबावर आकडा खोटाच चांगला दिसू शकतो आणि प्रत्यक्षात कमी असलेली साखर लक्षात येत नाही. या बाळाचे ३८ हे मोजमाप प्रयोगशाळेत शिरेच्या रक्तावर झाले होते, म्हणून त्यावर विसंबता आले.

गॅलॅक्टोजकडे बोट दाखवणारा पुरावा आता भक्कम होता, तरी तो अंतिम नव्हता. लघवीतील क्षपणकारी पदार्थ म्हणजे गॅलॅक्टोसेमिया, असे समीकरण मांडणारे डॉक्टर अजूनही भेटतात आणि ते समीकरण योग्य नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आतड्याला इजा झालेल्या बाळाच्या लघवीत लॅक्टोज उतरू शकते, कोणत्याही कारणाने यकृत गंभीरपणे बिघडले तर गॅलॅक्टोज थोडेफार दिसू शकते, आणि क जीवनसत्त्व व काही प्रतिजैविके यांच्यामुळेही बेनेडिक्टचा रंग बदलतो. लघवीचा नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधीचा असल्याने त्यांतील एक शंका तरी मिटली. (याच कारणाने बाळाच्या ऐवजी कोणी आईची लघवी या द्रावणाने तपासली तर हिरवट रंग येऊ शकतो, गरोदरपणाच्या अखेरीस आणि अंगावर पाजत असताना लॅक्टोज लघवीत उतरणे अगदी नैसर्गिक आहे, आणि पूर्वी अशा काही बाळंतिणींना विनाकारण मधुमेही समजले जाई.)

उरली फ्रुक्टोजची शक्यता. फ्रुक्टोज आईच्या दुधात नसते, म्हणून नवजात बाळात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही; पण आपल्याकडे बाळाला मध चाटवण्याची पद्धत अनेक घरांत अजून आहे आणि मधात फ्रुक्टोज भरपूर असते. फ्रुक्टोज न सोसण्याचा वंशपरंपरेने येणारा विकार असलेल्या बाळाला मध किंवा गूळपाणी मिळाले तर ओकाऱ्या, साखर कमी होणे, कावीळ असे जवळजवळ हेच चित्र उभे राहते. सिस्टरांनी हा प्रश्न आजीला एकांतात, दोष न देता विचारला. आजी आधी नाही म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःहून येऊन त्यांनी सांगितले की पहिल्या दिवशी आत्याने सोन्याच्या अंगठीने मधाचे बोट चाटवले होते, त्यानंतर काही दिलेले नाही. सात दिवसांपूर्वीच्या एका बोटाचा आजच्या लघवीशी संबंध नव्हता. तरीही तंत्रज्ञांनी रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून सेलिव्हानॉफची तपासणी केली. फ्रुक्टोज असते तर थोड्याच वेळात चेरीसारखा लाल रंग आला असता, तो आला नाही. मधाबाबत कुटुंबाला समजावण्यात आले, कारण त्यातील बोट्युलिझमच्या जंतूंमुळेही एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, हे सांगण्याची संधी वाया घालवण्यासारखी नव्हती.

त्याच रात्री निर्णय झाला: अंगावरचे दूध आणि इतर सर्व प्राण्यांचे दूध पूर्ण बंद. पुष्टी होईपर्यंत थांबायचे नाही, हे या आजारातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे, कारण दूध बंद ठेवून पुढे निदान चुकीचे ठरले तर थोड्या दिवसांचे स्तनपान जाते, तेही आईने दूध काढत राहिल्यास पुन्हा सुरू करता येते. दूध चालू ठेवून निदान खरे ठरले तर बाळ दगावू शकते. प्रकृती स्थिरावल्यावर नवजात बाळांसाठी बनवलेली सोयाबीनची भुकटी सुरू झाली. बाजारात मिळणारे साधे सोया पेय बाळासाठी पुरेसे पोषक नसते, हे कुटुंबाला स्पष्टपणे सांगावे लागले.

दरम्यान कल्चरमध्ये ई-कोलाय सापडला. प्रतिजैविके पुढे चालू राहिली आणि आधी खटकलेल्या गोष्टीलाही जागा मिळाली: संसर्ग खरा होता, पण तो एकटा नव्हता. दूध बंद झाल्यानंतर दोन दिवसांनी केलेली बेनेडिक्टची तपासणी निळीच राहिली. हा बदल निदानाला पूरक होता.

पुष्टीसाठी रक्त वैद्यकीय महाविद्यालयामार्फत पाठवायचे होते. रक्त गोठत नसल्याने प्लाझ्मा आणि लागल्यास रक्त देण्याची तयारी चालू होती. बालरोगतज्ज्ञांनी मात्र एन्झाइमसाठीचे रक्त त्याआधी काढून ठेवायला लावले. गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट युरिडिल ट्रान्सफरेज हे एन्झाइम तांबड्या पेशींत मोजतात, आणि दात्याच्या तांबड्या पेशी बाळाच्या अंगात गेल्या की पुढचे सुमारे तीन महिने निकाल खोटाच सामान्य येऊ शकतो. नमुना उन्हात किंवा उष्ण खोलीत पडून राहिला तर उलट एन्झाइम नष्ट होऊन तो खोटाच कमी येतो, म्हणून तो थंड पेटीतून गेला. लघवीच्या कागदी क्रोमॅटोग्राफीत गॅलॅक्टोजचा पट्टा मिळाला आणि एन्झाइम जवळजवळ शून्य निघाले. अभिजात गॅलॅक्टोसेमिया निश्चित झाला.

दुधातील लॅक्टोज आतड्यात फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज बनते. आईच्या दुधात ते शंभर मिलिलिटरला सुमारे सात ग्रॅम, म्हणजे गाई-म्हशीच्या दुधाहून जास्तच असते. वरील एन्झाइम नसल्यास गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूत साठत जाते, तर डोळ्याच्या भिंगात गॅलॅक्टिटॉल साठून मोतीबिंदू धरतो. या बाळाच्या डोळ्यांत तो नुकताच सुरू होत होता आणि आहार बदलल्यावर तो मागे हटण्याची आशा असते. या विकाराचे पहिले वर्णन १९०८ मध्ये झाले. एन्झाइमचा नेमका दोष १९५६ मध्ये उलगडला, आणि त्याच वर्षी ग्लुकोज ऑक्सिडेझची लघवीची पट्टी अमेरिकेत बाजारात आली. आजाराचे कारण कळले त्याच सुमारास तो साध्या प्रयोगशाळेत ओळखून देणारी जुनी तपासणी हळूहळू मागे पडू लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते. महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची या विकारासाठी चाळणी होतेच असे नाही. तोवर, जेथे आजारी नवजात बाळे दाखल होतात अशा प्रत्येक प्रयोगशाळेत बेनेडिक्टची ताजी बाटली असावी आणि काविळीचे, ओकणारे बाळ आले की पट्टीसोबत ती वापरली जावी.

आईशी बोलणे सर्वांत अवघड होते. आपल्या दुधाने बाळाला अपाय झाला, असे तिने मनाशी घेतले होते आणि घरातील एक-दोघे तसे बोलूही लागले होते. डॉक्टरांनी आई, वडील आणि आजी यांना एकत्र बसवून सांगितले की दुधात कोणताही दोष नाही, बाळाच्या अंगात ते पचवणारे एक एन्झाइम नाही, आणि तो दोष आई व वडील या दोघांकडूनही एकेक प्रत मिळाल्यामुळेच आला आहे. आजींनी विचारले, “मग बाई, हिला पेढासुद्धा कधी द्यायचा नाही का?” नाही, हे उत्तर सर्वांसमोर दिले गेले, आणि त्याबरोबर दही, ताक, तूप, खवा, बिस्किटे आणि लॅक्टोज भरलेल्या औषधी गोळ्या यांची यादी मराठीत लिहून हाती दिली गेली. आहार पाळूनही पुढे बोलण्यात, शिकण्यात आणि मुलींमध्ये बीजांडकोशांच्या कार्यात अडचणी येऊ शकतात. म्हणून कॅल्शियम, डोळे, वाढ आणि वाचा यांची नियमित तपासणी ठरवण्यात आली.

या दांपत्याच्या प्रत्येक पुढच्या बाळाला हा विकार होण्याची शक्यता चारात एक आहे. त्या बाळाला जन्मापासूनच सोयाची भुकटी द्यायची आणि नाळेच्या रक्तातून एन्झाइम तपासायचे, असे त्यांच्या फाइलीत लिहून ठेवण्यात आले. त्या नोंदीखाली तंत्रज्ञांनी एक सूचना जोडली: दूध मिळालेलेच नाही अशा बाळाची लघवी बेनेडिक्टमध्ये निळीच राहील, म्हणून त्या वेळी या तपासणीवरून बाळ निरोगी आहे असे ठरवू नये.